पेपर परत मिळाल्यावर मुलं शेरे वाचतात का? वाचून पुढे काय करतात?

शाळेच्या वाटेवर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात हडपसर भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. सहामाहीचे पेपर तपासून झालेत, दिवाळीची सुट्टी संपली की मुलांना दाखवायचे आहेत. त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं, म्हणून हा धागा (चर्चा) सुरू करतेय.

निबंध, पत्रलेखन, कल्पनाविस्तार यांच्याखाली मी मनापासून शेरे लिहिते. पेपर हातात पडला की मुलं आधी वरचा आकडा बघतात, मग शेजारच्याचा आकडा, मग अर्ध्या मार्कासाठी सगळी बेरीज पुन्हा तपासतात. त्यानंतर पेपर दप्तरात. शेरा वाचणारी मुलं मोजकी. त्यातली काही वाचून इतकी खट्टू होतात की ते पानच दुमडून टाकतात. पुढच्या निबंधात तीच चूक, माझा तोच शेरा.

मला वाटतं, चांगला शेरा कसा लिहावा यावर आपण शिक्षक बरंच बोलतो, पण आलेल्या शेऱ्याचं काय करायचं हे मुलांना कुणी शिकवतच नाही. बेरीज-वजाबाकीसारखं तेही शिकवायला हवं. तुम्ही घरी, क्लासमध्ये, शाळेत काय करता? शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

चहाबाज

आमच्या वेळी एकच शेरा असायचा: 'पालकांनी भेटावे.' तो मात्र अगदी नीट वाचला जायचा. :)

कर्वेनगरवाली

चांगला धागा. माझा मुलगा सातवीत आहे. 'मांडणी विस्कळीत आहे' असं लिहिलेलं असलं की घरी येऊन सांगतो, "बाईंना मी आवडतच नाही." शेरा उत्तराबद्दल असतो, पण त्याला तो स्वतःबद्दल वाटतो.

आमच्याकडे एक गोष्ट उपयोगी पडली. पेपर मिळालेल्या दिवशी त्यावर काहीही बोलायचं नाही. खाऊन घे, खाली खेळून ये. रडू आलं तर रड. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही दोघं पेपर उघडतो आणि मी दोनच प्रश्न विचारते: बाईंना यातलं काय आवडलंय? आणि पुढच्या वेळी तू कुठली एक गोष्ट वेगळी करशील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याला सगळे शेरे वाचावेच लागतात.

"सगळ्यात जास्त कुणाला पडले?" हा प्रश्न आमच्या घरात बंद आहे. आजी-आजोबांनाही तसं सांगून ठेवलंय. तो प्रश्न आला की मूल पेपरमधून उठून थेट वर्गाच्या यादीत जाऊन बसतं.

सहकारनगरचे आजोबा

सर्वांना नमस्कार. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

हल्ली मुलांना फार जपलं जातं. चाळीस वर्षं कारखान्यात नोकरी केली. तिथे चूक झाली की फोरमन चार लोकांत सांगायचा. वाईट वाटायचं, पण काम सुधारायचं. उद्या ही मुलं नोकरीला लागतील तेव्हा साहेब काय आधी 'तुझं हे मला आवडलं' म्हणणार आहे? शेरा कडक असावा आणि मुलाने तो सोसावा. सोसायची सवय शाळेतच लागते.

गणिती

आजोबा, कडक असण्याला माझा विरोध नाही. पण तुमचा फोरमन फक्त 'चूक' म्हणून निघून जायचा, की कुठे चुकलं ते दाखवून तोच भाग पुन्हा करायला लावायचा? मला वाटतं फरक तिथे आहे.

सिंहगड रोडला आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेतो. दरवर्षी हमखास दिसणारी चूक म्हणजे (अ + ब)² = अ² + ब². मधलं २अब गायब. यावर मोठी फुली मारून शेजारी बरोबर सूत्र लिहून दिलं, तर मूल ते उतरवून घेतं आणि पुढच्या चाचणीत पुन्हा २अब गाळतं. म्हणून मी फुली मारत नाही. ज्या पायरीवर घसरलंय तिच्यासमोर समासात फक्त एक ठिपका देतो आणि खाली लिहितो: 'अ = ३, ब = ४ घालून दोन्ही बाजू तपास.' मूल स्वतः मांडतं. डावीकडे ७ चा वर्ग ४९, उजवीकडे ९ + १६ = २५. तिथे त्याचे डोळे मोठे होतात. ती चूक त्याने स्वतः पकडलेली असते, त्यामुळे सहसा पुन्हा होत नाही.

शेरा वाचून हातात पेन्सिल घ्यावी लागली नाही, तर त्या शेऱ्याचा उपयोग शून्य.

कर्वेनगरवाली

ठिपक्याची कल्पना फार आवडली!

अर्धविराम

मी शिक्षणशास्त्राची अभ्यासक आहे, म्हणून थोडं संशोधनाबद्दल लिहिते.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची पुढची कामगिरी सुधारली आणि कामातला रसही टिकला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची अवस्था जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे धागाकर्तीला वर्गात जे दिसतं तेच: आकडा शेजारी असला की शेरा झाकला जातो.

दुसरा अभ्यास क्लुगर आणि डिनिसी यांचा, १९९६ चा. त्यांनी अनेक जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. अभिप्राय दिल्याने सरासरीने फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की अभिप्रायाचा परिणाम उतरतो, असं त्यांनी मांडलं. कर्वेनगरवाली यांच्या मुलाचं 'मी आवडतच नाही' हे त्याचंच उदाहरण. आणि फक्त टीकेनेच असं होतं असं नाही, 'तू फार हुशार आहेस' यानेही होतं. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

चहाबाज

अभ्यास ठीक आहेत हो, पण आपल्याकडे गुण न देता पेपर परत दिला तर पालक शाळेच्या गेटवर येतील. वर्गात साठ मुलं, सहा तुकड्या. सांगा, कुठली बाई एवढे शेरे लिहिणार?

मनपाची बाई

चहाबाज, गुण रद्द करायला कुणीच सांगत नाहीये. ते एक दिवस उशिरा सांगता येतात. आणि साठ मुलांचं म्हणाल तर सगळ्यांच्या सगळ्या चुकांवर लिहायचंच नसतं. मी एका वेळी एकच गोष्ट निवडते. या आठवड्यात फक्त परिच्छेद पाडणं. बाकीच्या चुका दिसतात, हात शिवशिवतो, तरी सोडून देते.

मी महानगरपालिकेच्या शाळेत आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी. आई चार घरी कामाला, वडील बांधकामावर. 'पालकांनी लक्ष द्यावे' हा शेरा लिहून मी कुणाला सांगणार? म्हणून माझे निम्मे शेरे तोंडी असतात. मुलं गणितं सोडवत असली की बाकांमधून फिरायचं, शेजारी टेकायचं, दोन मिनिटं बोलायचं. मग मुलानेच माझं म्हणणं स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. काय लिहिलं ते वाचलं की मी काय बोलले आणि त्याला काय ऐकू गेलं, दोन्ही कळतं. कधीकधी त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शिक्षण हक्क कायद्यानंतर आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक (शिकता शिकता वर्षभर होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं), शिवाय वर्णनात्मक नोंदी. त्यामागचा विचार उत्तम होता. पण त्या नोंदींच्या तयार पीडीएफ मोबाईलवर फिरतात, आणि 'वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य चाळीस प्रगतिपत्रकांवर उतरतं. ज्या मुलाबद्दल ते लिहिलंय त्याने ते वाचून करायचं काय? आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, त्यात मुलाने स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापन करणंही धरलंय. त्याचं काय होतं ते आपण वर्गात काय करतो यावरच ठरेल.

तिसरा बाक

विद्यार्थी म्हणून लिहू का? मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत आमचे पेपर जास्त मार्कांपासून कमी मार्कांकडे असे वाटले जायचे, नाव आणि मार्क मोठ्याने वाचून. पहिल्या दहांत नाव आलं नाही की पुढचा सगळा वेळ पोटात गोळा. पेपर हातात येईपर्यंत डोकं बंद झालेलं असायचं. त्यानंतर सर फळ्यावर उत्तरं समजावून सांगायचे, खूप चांगली सांगायचे, पण मागच्या बाकांवर कुणाच्याच कानात काही शिरत नव्हतं.

तेव्हा शेरा घ्यायला शिकवण्याआधी पेपर वाटायची पद्धत बघा, अशी विनंती. हजेरी क्रमांकाने, पालथे, न बोलता.

आणि 'अजून मेहनत हवी' हा शेरा कृपया लिहू नका. ज्याने रात्री बारापर्यंत बसून पाठ केलंय त्याला तो फार लागतो.

सहकारनगरचे आजोबा

तिसरा बाक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मार्क मोठ्याने वाचू नयेत हे मला पटतं. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. चूक स्पष्ट सांगितलीच पाहिजे, गोड शब्दांत गुंडाळून तिचा चोथा करू नये. आणि गणिती यांनी विचारलं म्हणून सांगतो: होय, फोरमन तोच भाग पुन्हा करायला लावायचा, आणि झाल्यावर मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघायचा. न बघता कधी गेला नाही.

गणिती

आजोबा, मग आपण एकाच बाजूला आहोत. पुन्हा करायला लावणं आणि केल्यावर बघणं, यातलं दुसरं आम्ही शिक्षक विसरतो.

पाचवीची आई

मधेच विचारते. मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोय. सराव पेपरला शेरा वगैरे काही नसतो. गोल रंगवायचे आणि एक आकडा येतो. तो आकडा क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकतात. यात मुलाला सुधारायला मदत कशी करायची?

गणिती

शेरा त्यालाच लिहू दे. चुकलेले प्रश्न घेऊन बसवा आणि प्रत्येकासमोर एक अक्षर लिहायला सांगा. 'व' म्हणजे प्रश्न वाचण्यात चूक ('नाही तो पर्याय निवडा' यातलं 'नाही' सुटलं). 'न' म्हणजे मुळात येतच नव्हतं. 'घ' म्हणजे घाई झाली, येत असून चुकलं. 'ग' म्हणजे गोल भलत्याच ठिकाणी रंगवला. तीन-चार सराव पेपर झाले की कुठलं अक्षर जास्त येतंय ते त्यालाच दिसेल. 'न' जास्त असेल तर अभ्यास. 'व' जास्त असेल तर आणखी दहा पेपर सोडवून काही होणार नाही, प्रश्नातल्या महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. आणि ग्रुपवर मार्क टाकू नका, असं क्लासला स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे.

पाचवीची आई

खूप आभार! आजच करते. (ग्रुपबद्दल क्लासशी बोलते.)

पेठेतला

अवांतर: लाल पेनाऐवजी हिरव्या पेनाने तपासलं तर मुलांना कमी लागतं, असं ऐकून बायकोने अप्पा बळवंत चौकातून हिरव्या पेनांचं पाकीट आणलं. दोन महिन्यांत वर्गाला हिरवा रंगही तितकाच नकोसा झाला. :)

चहाबाज

पेठेतला, वहिनींना सांगा, आता जांभळा आणा.

मृद्गंध

मी सदाशिव पेठेत गाणं शिकायला जाते. तिथे चूक सांगितल्याचं कधी फारसं वाईट वाटलं नाही. का, याचा या धाग्यामुळे विचार केला. मी भूप राग गाताना गंधार (म्हणजे 'ग' हा स्वर) जरा उतरला की बाई हात वर करून थांबवतात, तोच स्वर स्वतः लावून दाखवतात आणि म्हणतात, "घे." मी तिथल्या तिथे पुन्हा घेते. नाही जमला तर परत "घे." जमला की पुढे. चूक, दाखवणं आणि दुरुस्ती, सगळं एका श्वासाच्या अंतरात होतं. शाळेत निबंध लिहिल्यावर पंधरा दिवसांनी शेरा येतो आणि तोपर्यंत तो निबंध संपलेला असतो. मुलाने स्वर पुन्हा लावायचा तरी कुठे?

दहावीचे बाबा

मृद्गंध, अगदी पटलं.

जरा वेगळ्या बाजूने सांगतो. दहावीच्या निकालानंतर मंडळाकडे अर्ज केला की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. गुणपडताळणी वेगळी, पुनर्मूल्यांकन वेगळं, आणि पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. बहुतेक लोक ती वाढीव मार्कांसाठीच घेतात. माझी मोठी मुलगी अकरावी विज्ञानला जाणार होती, म्हणून आम्ही विज्ञानाची छायाप्रत मागवली आणि तिने ती अभ्यासासाठी वापरली. दोन-तीन ठिकाणी 'कारणे द्या'मध्ये तिने कारण सांगायचं सोडून प्रश्नातलंच विधान फिरवून लिहिलं होतं. अकरावीच्या पहिल्या चाचणीआधी तिने ती पानं पुन्हा काढून पाहिली. मुदत थोडी असते, त्यामुळे निकालाच्या वेळी मंडळाच्या सूचनेवर लक्ष ठेवा.

कोथरूड डेपो

माझी अडचण उलटी आहे. मुलगी नववीत, कायम नव्वदच्या वर. शेरे अधाशासारखे वाचते आणि एक जरी उणा निघाला तरी रात्रभर झोपत नाही. चांगले नऊ शेरे तिला दिसत नाहीत. अशा मुलांना कसं सांभाळायचं?

मनपाची बाई

कोथरूड डेपो, अशा मुलांकडे आपलं लक्ष कमी जातं, कारण मार्क चांगले असतात. तिच्या शिक्षकांशी बोला आणि कधीतरी तिचं कच्चं लेखन तपासून घ्या. कच्चं म्हणजे खरंच कच्चं, खाडाखोड असलेलं, मार्क नसलेलं. त्यावरचा शेरा म्हणजे निकाल नसतो, काम अजून चालू असतं. हे चार-पाच वेळा झालं की शेऱ्याची धास्ती कमी होताना मी पाहिली आहे. घरी तिच्यासमोर तुमच्या कामातलं काही दाखवा: हे साहेबांनी परत पाठवलं, मी हे बदललं, आता पाठवलं. मोठ्यांचं काम परत येताना मुलांना कधी दिसतच नाही.

कोथरूड डेपो

हे कधी सुचलंच नव्हतं. मी भाषांतराचं काम करते, संपादकांच्या खुणांनी भरलेली पानं घरातच असतात. उद्याच दाखवते.

शाळेच्या वाटेवर

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचले. मृद्गंध यांनी विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून सुट्टीत गावी न गेलेल्या, जवळपास राहणाऱ्या काही मुलांना घरी बोलावून एक करून पाहिलं. ते सविस्तर सांगते.

सातवीतल्या एका मुलाचा निबंध, 'माझा आवडता ऋतू'. त्याने लिहिलं होतं: 'पावसाळा मला खूप आवडतो. पावसाळ्यात सगळीकडे हिरवेगार होते. आपण पावसात खूप मजा करतो.' असल्या निबंधावर नेहमीचा शेरा म्हणजे 'वर्णन वाढवा'. तो वाचून मुलं 'हिरवेगार'च्या पुढे 'निसर्गरम्य' जोडतात आणि वर्णन वाढलं असं समजतात. या वेळी मी लिहिलं: 'तुझ्या घरात पाऊस आलेला कसा कळतो? कुठला आवाज येतो? दोनच वाक्यं, इथेच, आत्ता.' आणि खाली जागा सोडली.

तो बराच वेळ पेन चावत बसला. मग लिहिलं: 'आमच्या पत्र्यावर पाऊस पडला की आजी टीव्हीचा आवाज वाढवते. मग पाऊसपण आवाज वाढवतो.'

मी ते मोठ्याने वाचलं. तो एवढंच म्हणाला, "बाई, असं चालतं का निबंधात?" त्याला येत होतंच, निबंधात हे चालतं हेच माहीत नव्हतं. 'वर्णन वाढवा'मधून ते त्याला कधीच कळलं नसतं.

तर आता वर्गात असं करायचं ठरवलंय. पेपर हजेरी क्रमांकाने, पालथे वाटायचे. पहिल्या दिवशी पेपरवर फक्त शेरे, गुण माझ्या वहीत. अर्धा तास राखून ठेवायचा आणि त्या वेळात एकच उत्तर किंवा निबंधाचा एकच परिच्छेद शेरा वाचून पुन्हा लिहायचा. शेरा कळला नाही तर 'कळला नाही' असं त्याच्याखाली लिहायची पूर्ण मुभा. ते मी अपमान समजणार नाही, हे आधीच सांगणार. गुण दुसऱ्या दिवशी. मुख्याध्यापकांशी बोलले, त्यांनी एका तुकडीवर करून बघा म्हटलंय.

अजून एक अडचण: एकमेकांच्या वह्या तपासायला द्याव्यात का? मागे दिल्या होत्या तेव्हा जिवलग मैत्रिणींनी 'छान छान' लिहिलं आणि भांडण असलेल्यांनी हिशेब चुकते केले.

अर्धविराम

टीव्हीचा आवाज! फार सुंदर.

वह्या जरूर द्या, पण मत मागू नका, शोधायचं काम द्या. 'या निबंधात ऐकू येणारी एक गोष्ट शोध आणि तिच्याखाली रेघ मार. नसेल तर लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचार.' 'छान' लिहायला जागाच उरत नाही आणि भांडणालाही. प्रश्न विचारणाऱ्यालाही स्वतःच्या निबंधात तेच शोधावंसं वाटतं.

तिसरा बाक

बाई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

सहकारनगरचे आजोबा

त्या मुलाला माझी शाबासकी कळवा. आणि ते पुन्हा लिहिलेले परिच्छेद परत तपासायला विसरू नका.

शाळेच्या वाटेवर

आजोबा, नक्की कळवते. तपासायला वेळ कुठून काढायचा तेवढं सांगा कुणीतरी.

मनपाची बाई

सगळे एका दिवशी तपासू नका. हजेरीतले पहिले बारा सोमवारी, पुढचे बारा मंगळवारी. आणि पूर्ण परिच्छेद वाचू नका. तुमचा शेरा आणि त्याखालची दोन वाक्यं, एवढंच बघा. बदल झाला असेल तर समासात बरोबरची खूण, नसेल तर मधल्या सुट्टीनंतर शेजारी बसून दोन मिनिटं. मी पहिला तास सुरू व्हायच्या आधी, प्रार्थना झाल्यावर मुलं पाढे म्हणत असतात तेव्हा बसते. बारा वह्या होतात.